चिमटीतला गाऊन

वॉर्डातला फॉर्म इंग्रजीत होता आणि मावशींचं इंग्रजी औषधाच्या बाटल्यांवरच्या अक्षरांपलीकडे कधी गेलं नव्हतं. तरी तो त्यांच्याच गळ्यात पडला. फिजिओ मॅडम आठवड्यातून दोनदा येणार, सिस्टरला मान वर करायला फुरसत नाही, मग पेशंटना सकाळ-संध्याकाळ चालवणार कोण? मावशी. जी चालवते तिनेच लिहावं, असं सिस्टरने परस्पर ठरवलं, क्लिपबोर्ड मावशींच्या हातात कोंबला आणि ती पुढच्या कॉटकडे निघूनही गेली.

हाडांच्या त्या वॉर्डात मावशींना अठरा वर्षं झाली होती. मोडलेला खुबा, बदललेला गुडघा, असल्या माणसांना पुन्हा पायावर उभं करण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. पण लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. फॉर्मवर खरं तर प्रश्न एकच होता: पेशंट चालत असताना तुम्ही त्याच्या किती जवळ होता? उत्तराला रकाने चार. मावशींनी एका दुपारी फिजिओ मॅडमना जिन्यात गाठून अर्थ विचारून घेतले आणि लक्षात राहावेत म्हणून चारही रकान्यांना आपली नावं पाडली. सुपरव्हिजन म्हणजे खोलीत उभं राहून नुसती नजर ठेवायची, तो बघ्या. स्टँडबाय म्हणजे अगदी मागे, हात उघडा आणि तयार, पण अंगाला लावायचा नाही, तो राखणदार. काँटॅक्ट गार्ड म्हणजे हात पाठीला लागलेला, जोर मात्र नाही, तो पाठीराखा. आणि असिस्ट म्हणजे पेशंटचा भार आपल्यावर, तो हमाल. एवढं केल्यावर त्यांना फॉर्म जरा माणसाळल्यासारखा वाटला.

मग सहा नंबरच्या कॉटवर बाई आल्या आणि ते सुख संपलं.

बाई म्हणजे चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. वय चौऱ्याहत्तर, स्वयंपाकघरात पाय घसरून उजवा खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. हॉस्पिटलचा गाऊन त्यांनी पहिल्याच दिवशी परत केला आणि घरून स्वतःचे दोन मागवले, गडद निळे. उशाशी चष्मा, पाण्याची बाटली आणि एक लाल पेन. लाल पेन कशाला, ते मावशींना दुसऱ्या दिवशी कळलं. बाईंनी कॉटच्या पायथ्याला लटकवलेला क्लिपबोर्ड मागून घेतला, चष्मा चढवला आणि मावशींच्या अक्षराखाली सरळ एक लाल रेघ ओढली.

"हे काय लिहिलंय?"

"तुम्ही चाललात ते, बाई." शेऱ्याच्या जागेतली ती ओळ मावशींनी एका जुन्या फॉर्मवरून जशीच्या तशी उतरवली होती.

"मी 'अगेन्स्ट द वॉल' चालले? म्हणजे भिंतीला अंग घासत, दारुड्यासारखी? मी भिंतीच्या कडेने चालले, भिंतीला बोटसुद्धा न लावता."

"भिंत जवळच होती की."

"जवळ होती म्हणजे किती जवळ? ते सांगायलाच तर शब्द असतात. बसा इथे."

मावशी बसल्या. त्या दिवसापासून दुपारी दोन ते अडीच, पेशंट डुलक्या घेत असताना, सहा नंबरला शाळा भरू लागली. आणि पहिल्याच दुपारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कारण विद्यार्थ्याला अहोजाहो करणं बाईंच्या जिभेला जमेना. मावशी बावन्न वर्षांच्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना 'अगं तू' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते गोड लागलं.

"ती खिडकी कॉटच्या नियर आहे," बाई सांगायच्या. "मध्ये खुर्ची आहे, माणूसही बसू शकतो, तरी चालतं. ही ट्रॉली मात्र नेक्स्ट टू. हिच्या नि कॉटच्या मध्ये दुसरी वस्तू नाही. पण हात घालून बघ."

मावशींनी हात घातला. चार बोटं आरामात गेली.

"म्हणजे टच नाही. आता ती माझी काठी?"

"ती भिंतीला टेकवलीय."

"तिला म्हणायचं अगेन्स्ट. काठीचा भार भिंतीवर आहे. भिंत काढून घेतली तर काठी पडेल. नुसता टच असता तर भिंत काढली तरी काठी उभीच राहिली असती. शंका आली की मनातल्या मनात भिंत काढून बघायची."

"आणि क्लोज?"

"क्लोज म्हणजे नियरपेक्षा जवळ. किती, ते टेपने मोजता येत नाही. माणसांच्या बाबतीत बहुतेक तोच लागतो."

"आणि बसमध्ये एखादा मेला खेटून बसतो, त्याला काय म्हणायचं?"

बाईंनी जरा विचार केला. "त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. तिथे लोक लगेच सॉरी म्हणून मोकळे होतात, त्यामुळे गरज पडली नसेल."

दोघी इतक्या हसल्या की चार नंबरच्या आजी जाग्या झाल्या.

रोज चार वाजता बाईंचे यजमान यायचे. त्यांना मावशी काका म्हणत. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, डोळ्याला भिंग लावून. आता डोळे मंदावले होते, बोलणं मुळातच कमी होतं. दोन बस बदलून येत, खुर्ची ओढून कॉटला लावत आणि सहा वाजेपर्यंत बाईंच्या तोंडाकडे बघत बसत. बाई बोलत, काका ऐकत. लग्नाच्या बावन्न वर्षांत ही वाटणी बदललेली दिसत नव्हती.

अडचण पुढेच होती. बाईंचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. मुलगा वाईट नव्हता. फोन वाजला की आई पुन्हा पडली असंच त्याला वाटायचं, एवढंच. एक पडलेली आई आणि एक धड न दिसणारे वडील, दोघांनाच घरात कसं ठेवायचं, म्हणून त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. खोली एका माणसाची होती. नवऱ्याने भेटायला यावं चार ते सहा.

"हॉस्पिटलसारखंच," काका मावशींना म्हणाले. "फक्त इथून घरी जाता येतं."

फिजिओ मॅडमनी तोड काढली होती. पुढच्या मंगळवारी कॉट रिकामी करायची होती, ते काही टळणार नव्हतं. पण त्याआधी बाईंनी ओळीने तीन दिवस, रोज दोन फेऱ्या, सगळ्या स्टँडबायमध्ये मारल्या तर त्या घरी जाऊ शकतात, मागे काका असले की पुरे. एकाही फेरीत पाठीला हात लावावा लागला तर वृद्धाश्रम, कारण घरी तसा भरवशाचा हात नाही. मुलानेही फोनवर हे कबूल केलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मावशी बाईंच्या मागे चालल्या, मजल्याच्या या टोकापासून लिफ्टपर्यंत, तिथे वळायचं आणि परत. सहा फेऱ्या. सहाही वेळा त्यांनी दुसऱ्या रकान्यात, राखणदारापुढे, बरोबरची खूण केली. बाईंनी रोज फॉर्म तपासला आणि लाल पेनाला काही काम मिळालं नाही. शुक्रवारी अडीचला फिजिओ मॅडम सही करायला येणार होत्या. काकांनी घरातली पायपुसणी उचलून माळ्यावर टाकलीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी मावशी सवयीने बाईंना घेऊन निघाल्या. लिफ्टपाशी कोणीतरी एका कडेला स्ट्रेचर लावून ठेवलं होतं, तेव्हा वळायला जागा नाही म्हणून दोघी तशाच पुढे गेल्या, अगदी टोकाला, औषधांच्या स्टोअरपर्यंत. स्टोअरचं दार काचेचं, आत दिवा बंद, त्यामुळे काचेचा आरसा झालेला. बाई वळू लागल्या. वळताना पावलांवर लक्ष ठेवायचं असं त्यांना शिकवलेलं होतं, त्या खाली बघत होत्या. मावशींची नजर काचेवर गेली. काचेत बाई बाजूने दिसत होत्या. कमरेच्या जरा वर त्यांच्या निळ्या गाऊनची एक घडी होती, आणि ती घडी दोन बोटांच्या चिमटीत होती.

बोटं मावशींची होती.

त्यांनी चिमूट सोडली. चार पावलं गेली आणि त्यांनी खाली बघितलं. बोटांनी घडी पुन्हा पकडली होती.

ही सवय कुठली, ते मावशींना माहीत होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक आजोबा बाथरूममध्ये पडले होते. मावशी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या, दोन पावलांवर. जवळच होत्या, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं आणि ते खरं होतं. कोणी त्यांना बोललं नाही. आजोबा त्याच महिन्यात गेले. त्यानंतर मावशींची बोटं मावशींना न विचारता शहाणी झाली. पुढे चालणाऱ्या प्रत्येकाचा सदरा, गाऊन, नाडी, काही ना काही चिमटीत असायचं. पेशंटला कळत नसे, आणि मावशींनाही कळेनासं झालं होतं.

बाईंना कॉटवर बसवून त्या चादरींच्या खोलीत गेल्या आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिल्या. सहाच्या सहा खुणा खोट्या. कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. बाईंनी भार टाकला नव्हता, घडी सैलच असायची, म्हणजे बाई आपल्याच पायांवर चालल्या होत्या. अडीचला सही, मंगळवारी घर. गप्प बसलं की सगळ्यांचं भलं.

पण मग त्यांच्या डोळ्यांपुढे काका आले. घरच्या बोळातून बाई पुढे चालतायत आणि काका मागे, फिजिओ मॅडमनी सांगितल्याप्रमाणे हात उघडा ठेवून, चिमटीत काहीही न धरता. बाई आजवर तशा एकदाही चालल्या नव्हत्या. त्यांना जमेलही कदाचित. पण ते कोणीच बघितलेलं नव्हतं, आणि बघितलं आहे असं मावशींनी सहा वेळा लिहून दिलं होतं.

दोन वाजता, शाळेच्या वेळेला, मावशींनी बाईंना सांगितलं. खाली मान घालून, एका दमात.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तीन दिवस तुम्ही मला धरून चालवत होता."

ते 'तुम्ही' मावशींना टोचलं. बाई ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

"मुद्दाम नाही हो, बाई. देवाशप्पथ. हाताला सवय आहे."

"मी रात्री यांना फोन करून सांगितलं, अहो, मी एकटी चालते. लहान मुलीसारखी सांगितलं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला मूर्ख बनवलंत तुम्ही."

"बनवलं," मावशी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले.

बाईंनी चष्मा परत लावला आणि कोपऱ्यातल्या काठीकडे बघितलं. मास्तरीण होती, रागावली तरी डोकं थांबत नव्हतं. "घडी ताणली गेली होती का कधी? खरं सांगा."

"एकदाही नाही. सैल असायची. ताण आला असता तर मला तेव्हाच कळलं असतं."

"म्हणजे भिंत काढली असती तरी मी पडले नसते."

"माझ्या मते नसता पडला. पण काढून बघितलेली नाही."

"मग बघायला हवी," बाई म्हणाल्या. "त्या फिजिओ पोरीला येऊ द्या. आधी तिला सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

फिजिओ मॅडमनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. मुलीच्या वयाची पोर, पण त्या दिवशी मावशींना ती न्यायाधीश वाटली.

"मावशी, तुमच्या या सहा खुणांवर मी सही करणार होते. घरी त्या पडल्या असत्या तर?"

"म्हणूनच सांगितलं."

"मेट्रनच्या कानावर घालावं लागेल मला."

"घाला."

मॅडमनी सहा ओळींवर आडवी रेघ मारली. शनिवार, रविवार, सोमवार, म्हणजे मोजून तीन दिवस हातात होते. सोमवारच्या शेवटच्या फेरीला त्या स्वतः येणार होत्या. "आणि हात पाठीमागे बांधून चालायचं नाही हं, ते सुपरव्हिजन झालं. हात पुढेच हवा, उघडा, वीतभर अंतरावर. धरायचं नाही आणि लांबही न्यायचा नाही."

हे बोलायला सोपं होतं. त्या गेल्यावर बाईंनी ट्रॉलीच्या खणातून टाल्कम पावडरचा डबा काढला. "बोटं पुढे करा." मावशींची दहाही बोटं त्यांनी पांढरी केली. "निळ्यावर पांढरं लपत नाही. आता कळेल कोणाची बोटं काय करतात ते."

शुक्रवारी संध्याकाळी सराव झाला. पहिल्या फेरीनंतर बाईंच्या पाठीवर दोन ठळक ठसे. दुसरीनंतर पुन्हा दोन. मावशींना स्वतःच्या हाताची लाज वाटू लागली. एवढी मोठी बाई आणि दोन बोटं ऐकत नाहीत. तिसऱ्या फेरीत त्या सगळा वेळ हाताकडेच बघत राहिल्या आणि पाण्याच्या पिंपावर जाऊन आपटल्या. बाई हसल्या नाहीत. चौथ्या फेरीत एकच ठसा उठला, पुसट. पाचवी मागायची कोणाची हिंमत नव्हती, बाईंचे पाय थरथरत होते. तरी त्यांनीच म्हटलं, "अजून एक." आणि पाचवीनंतर मावशींनी ट्यूबलाइटखाली गाऊनची पाठ वरपासून खालपर्यंत बघितली. स्वच्छ.

शनिवार-रविवार मावशींचा खांदा भरून आला. कशाला तरी धरलेला हात दमत नाही, हवेतला दमतो. मेट्रनचा मेमोही शनिवारीच आला, अठरा वर्षांतला पहिला. मावशींनी तो घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. बाई कामापुरतं बोलत होत्या, तेही 'तुम्ही'तच. दुपारची शाळा बंद होती. चार वाजता काका येऊन बाकावर बसत आणि मावशींच्या हाताकडे असं टक लावून बघत, जणू उघडलेलं घड्याळ समोर ठेवलंय. चारही फेऱ्या कोऱ्या गेल्या. सोमवारची सकाळचीही.

सोमवारी संध्याकाळी फिजिओ मॅडम भिंतीशी उभ्या राहिल्या, बाकावर काका, आणि मावशींनी बोटांना पावडर लावली. बाई निघाल्या. काठी, आजारी पाय, बरा पाय. लिफ्टपर्यंत सुरळीत गेलं. लिफ्टपाशी बाई वळायला लागल्या, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडून आतून घाईघाईने एक माणूस बाहेर आला आणि त्याला चुकवायला बाईंनी काठी जरा बाजूला टाकली. तोल गेला. उजवा खांदा मागे आला, मावशींच्या बाजूला.

मावशींचा हात पुढे झेपावला आणि पाठीपासून बोटभर अंतरावर थांबला. तो त्यांनी थांबवला. त्यांना ते आजोबा दिसले, ओली फरशी दिसली, आणि सगळं अंग ओरडत होतं की धर. त्या बोटभर जागेत मावशींनी जेवढं सोसलं तेवढं अठरा वर्षांत सोसलं नव्हतं. अजून केसभर मागे आल्या की धरायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग फॉर्म गेला खड्ड्यात.

बाई मागे आल्या नाहीत. काठी टेकली, तिची मूठ घट्ट आवळली, एक श्वास घेतला आणि वळण पुरं केलं. मग पावलं टाकत कॉटपर्यंत आल्या आणि बसल्या.

फिजिओ मॅडमनी गाऊनची पाठ दिव्याकडे करून तपासली, वरपासून खालपर्यंत. "लागला होता?" त्यांनी तरी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

"नाही लागला," बाई म्हणाल्या. "मला मागे तिचा हात कळत होता. पण लागला नाही." मग मावशींकडे वळून, "पुरे आता, डोळे पूस. पावडर जाईल डोळ्यांत."

पूस. मावशी आणखीच रडल्या.

काकांना मॅडमनी तिथेच धडा दिला: एक पाऊल मागे, उजव्या बाजूला, हात उघडा. काका दोनदा उभे राहून दाखवून गेले. पावडरचा डबा बाईंनी आठवणीने सामानात टाकला. मंगळवारी दहा वाजता सहा नंबरची कॉट रिकामी झाली.

दीड महिन्याने बाई तपासणीला आल्या. अंगावर गडद निळा स्वेटर, हातात काठी, खांद्याला पर्स. काकांना बाकावर बसवून त्या फिजिओ मॅडमसमोर मजल्याच्या टोकापर्यंत एकट्या चालत गेल्या आणि एकट्या परत आल्या, मध्ये एका वॉर्डबॉयला "सरळ चाल रे" म्हणून दटावून.

"फारच छान," मॅडम म्हणाल्या. "मावशी, लिहा. आणि घरी चालताना सोबतचा माणूस किती जवळ असतो, तेही भरा. राखणदार ना?" रकान्यांची नावं एव्हाना सगळ्या वॉर्डाने उचलली होती.

मावशी क्लिपबोर्ड घेऊन बाईंच्या मागून आल्या आणि थबकल्या. निळ्या स्वेटरवर कमरेच्या जरा वर पांढरे ठसे होते. दोन-चार नाहीत, चांगले दहा-पंधरा. हलके, गोल, बोटांच्या टोकांचे, घड्याळातलं इवलं चाक उचलताना जेवढा लागावा तेवढ्याच दाबाचे. मावशींनी बाकाकडे पाहिलं. काका हात मांडीखाली घालून खिडकीबाहेर बघत होते.

मावशींनी मुकाट्याने ठसे झटकायला हात उचलला.

"असू देत," बाई मागे न बघता म्हणाल्या. "मला ठाऊक आहेत. पहिल्या दिवसापासून रोज पावडर लावतेय त्यांच्या बोटांना, आणि रोज हेच."

"तुम्हाला कळतं, हात लागला की?"

"तेव्हा कळत नव्हतं, तुझ्या वेळेला. आता कळतं. प्रत्येक वेळेला कळतं." मग मॅडमना म्हणाल्या, "काँटॅक्ट लिहायला सांग तिला."

"पण बाई, तुम्हाला गरजच नाही. आत्ता बघितलं ना मी."

"गरज कोण म्हणतंय? भिंत काढली तरी ही काठी पडत नाही. पण यांचा हात असतो, आणि फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. या वॉर्डात तर नाहीच."

मॅडमनी मावशींकडे बघितलं, हसू दाबत. "यासाठी रकाना नाही, मावशी. खाली शेऱ्यात लिहा."

मावशी बाकाच्या टोकाला बसल्या. पेन तोंडाशी धरून त्यांनी बराच विचार केला आणि स्वतःच्या अकलेने, कुठूनही न उतरवता, इंग्रजीत एक ओळ लिहिली. हात पाठीला असतो. आधारासाठी नाही. मग उठून त्यांनी क्लिपबोर्ड बाईंपुढे केला, दहावीच्या पेपरला बसल्यासारखं तोंड करून.

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवलं.

"चला," त्या काकांना म्हणाल्या, "बस चुकेल."

काका उठले, मांडीखालचा हात बाहेर काढला, आणि आपल्या जागी, एक पाऊल मागे आणि उजव्या बाजूला, जाऊन उभे राहिले.